१८ मार्च १९३८: लाझारो कार्देनासने तेल कंपन्या ताब्यात घेतल्या त्याची पूर्ण हकीकत

मार्च १९३८ चा पहिला आठवडा. मेक्सिको सिटीत राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनाससमोर परदेशी तेल कंपन्यांचे प्रतिनिधी बसलेत. विषय कामगारांच्या पगारवाढीचा. सुप्रीम कोर्टाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेलाय, तरी राष्ट्राध्यक्ष अजून मिटवायच्याच तयारीत आहेत. त्यांचं म्हणणं असं की निकालात जी २ कोटी ६० लाख पेसोंची रक्कम ठरलीये ती द्या, बोजा त्यापेक्षा वाढणार नाही, बाकी कलमांचं बघू. एक प्रतिनिधी विचारतो, याची हमी कोण देणार? उत्तर येतं, मी देतो, या देशाचा राष्ट्राध्यक्ष. समोरचा माणूस हसतो आणि म्हणतो, तुम्ही? कार्देनास खुर्चीतून उठतो आणि सांगतो की आपलं बोलणं संपलं.

अर्थतज्ज्ञ हेसुस सिल्वा हेर्सोग यांनी ही हकीकत नंतर सांगून ठेवली आणि मेक्सिकोत ती घरोघरी माहीत आहे. एका माणसाचा अपमान झाला, त्याला राग आला आणि त्याने सगळ्या कंपन्या सरकारजमा केल्या, असंच ते प्रकरण साधारण सांगितलं जातं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. कारण त्या रागाच्या आधीची बारा-तेरा वर्षं बघितली ना, तर लक्षात येतं की हा माणूस प्रत्येक पायरी नीट चाचपून मगच पाय टाकत होता, आणि त्या हसण्याने फक्त शेवटची पायरी दाखवली.

तर आधी माणूस. लाझारो कार्देनासचा जन्म २१ मे १८९५, मिचोआकान राज्यातल्या हिकिल्पान गावात. वडलांचं छोटं दुकान होतं. ते १९११ मध्ये वारले आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर घर आलं. शाळा प्राथमिकच्या पुढे गेलीच नव्हती. गावच्या करवसुली कचेरीत कारकुनी केली, छापखान्यात काम केलं, काही दिवस तुरुंगाची राखणदारीही केली. १९१३ मध्ये मेक्सिकोत तेव्हा पेटलेल्या क्रांतीच्या फौजेत गेला, १९१५ मध्ये प्लुतार्को एलियास कायेस या सेनानीच्या हाताखाली आला आणि तिथून त्याचं नशीब कायेसशी बांधलं गेलं. विशी-तिशीतच जनरल. फार बोलायचा नाही, समोरच्याचं ऐकत बसायचा, चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. भल्याभल्यांनी त्याला त्यामुळे मवाळ समजायची चूक केली, त्यात कायेस पहिला.

आता तेलाशी त्याची गाठ कधी पडली ते बघू, कारण सगळं प्रकरण इथून सुरू होतं. १९२० च्या दशकाच्या मध्यात त्याची बदली हुआस्तेका भागात झाली, म्हणजे आखाताच्या किनाऱ्याचा ताम्पिको-तुक्सपानचा तेलपट्टा. १९२१ मध्ये मेक्सिकोने १९ कोटींच्या वर बॅरल तेल काढलं होतं, जगात अमेरिकेच्या खालोखाल दुसरा नंबर. आणि ज्या जमिनीतून ते निघत होतं तिथले कामगार झोपड्यात राहत होते, तर कंपन्यांचे परदेशी अधिकारी तारेच्या कुंपणामागे, वेगळी घरं, वेगळे क्लब. कंपन्यांची स्वतःची माणसं, स्वतःचे पहारेकरी, मेक्सिकोच्या जनरलांना खूश ठेवायची ठरलेली रीत. नव्या कमांडरलाही त्याच रीतीने एक नवीकोरी पॅकार्ड गाडी देऊ केली गेली. पॅकार्ड म्हणजे त्या काळातली श्रीमंतांची गाडी. त्याने ती परत पाठवली आणि स्वतःच्या जुन्या गाडीत फिरत राहिला. ऐकायला छोटी गोष्ट आहे, पण ज्या पट्ट्यात त्याच्या आधीच्या कित्येकांनी निमूट हात पुढे केला होता, तिथे ही गोष्ट कंपन्यांनी वेळीच लक्षात घ्यायला हवी होती.

तिथे त्याच्याबरोबर अजून एक माणूस होता, फ्रान्सिस्को मुहिका. १९१७ ची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा मुहिका त्यातल्या जहाल गटाचा मोठा आवाज होता. त्या घटनेचं कलम २७ म्हणतं की जमिनीच्या पोटातली संपत्ती राष्ट्राच्या मालकीची. कागदावर हे वीस वर्षं होतं. कंपन्या म्हणायच्या की आमचे हक्क १९१७ च्या आधीचे, आम्हाला हे लागू नाही, आणि दर वेळी अमेरिकेच्या दबावाखाली मेक्सिकोचं सरकार मागे सरकायचं. १९२३ मध्ये झालं, १९२८ मध्येही झालं. हे दोघं मित्र त्या तेलपट्ट्यात काय काय बोलले असतील ते सगळं आपल्यापर्यंत आलेलं नाही, पण दहा वर्षांनी निर्णयाच्या वेळी कार्देनासने सगळ्यात आधी गाडीत बसवलं ते मुहिकालाच.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९२८ ते १९३२ मिचोआकानचा गव्हर्नर, मध्येच सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष, गृहमंत्री, मग युद्धमंत्री, आणि १९३३ च्या शेवटी पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. विजय ठरलेलाच होता, कारण पक्ष कायेसचा होता आणि १९२८ पासून तीन राष्ट्राध्यक्ष आले-गेले तरी खरी सूत्रं कायेसच्याच हातात होती. तरीसुद्धा हा उमेदवार २७ हजार किलोमीटरच्या वर फिरला, रेल्वेने, मोटारीने, घोड्यावरून, जिथे कधी कुणी उमेदवार गेला नव्हता अशा खेड्यात जाऊन लोकांचं तासन्‌तास ऐकत बसला. १ डिसेंबर १९३४ ला कारभार हाती घेतला. चापुल्तेपेकच्या राजवाड्यात राहायला नकार दिला (तो राजवाडा पुढे म्युझियम झाला), स्वतःचा पगार अर्ध्यावर आणला, आणि देशभरात रोज एक तास तारखाती फुकट खुली केली, कुणीही गरीब माणसाने थेट राष्ट्राध्यक्षाला तार करावी. खेड्यातले लोक त्याला 'ताता लाझारो' म्हणायचे. ताता म्हणजे बाप. आपल्या 'तात' च्या इतकं जवळचं ऐकू येतं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलोच.

कायेसला वाटलं होतं की चौथा बाहुला मिळाला. जून १९३५ मध्ये त्याने संपांवरून सरकारला जाहीर झापलं, तर कार्देनासने अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागून घेतले आणि कायेसची माणसं बाहेर काढली. सैन्यातले मोक्याचे जनरल आधीच हळूहळू बदलले होते. एप्रिल १९३६ मध्ये कायेसला विमानात बसवून अमेरिकेला पाठवून दिलं. गोळी नाही, फाशी नाही. हे किती वेगळं होतं ते समजायचं तर क्रांतीतल्या आधीच्या पुढाऱ्यांची यादी बघा: झापाता १९१९ मध्ये मारला गेला, कारान्सा १९२० मध्ये, व्हिया १९२३ मध्ये, ओब्रेगोन १९२८ मध्ये. मेक्सिकोच्या राजकारणात हरलेला माणूस जिवंत राहायची सवय या माणसाने लावली, आणि माझ्या मते तेलाच्या निर्णयाइतकीच ही गोष्ट मोठी आहे. शिवाय हे आधी झालं म्हणून ते पुढे होऊ शकलं, घरात दुसरा मालक बसलेला असताना बाहेरच्या मोठ्या कंपन्यांशी कोण भिडणार.

जमिनीचं कामही याच काळातलं. सहा वर्षांत जवळपास १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली, बरीचशी एहिदोच्या रूपात, म्हणजे गावाच्या सामूहिक ताब्यात. १९३६ मध्ये ला लागुना हा कापसाचा बागायती पट्टा असाच वाटला. इथे एका आपल्या माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करायला हातभार लावला. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना पंगतीत भाकरी मोडून वाटताना रंगवलंय, ते चित्र आजही तिथे आहे. मेक्सिकोत जमीन आणि भाकरीचा प्रश्न किती पेटलेला होता हे वर्ध्याचा हा माणूस रोज बघत होता. खानखोजे यांचं नाव आपल्याकडे शाळेत कानावर पडत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मूळ भांडण. १९३५ मध्ये तेलकामगारांच्या विखुरलेल्या युनियन एकत्र येऊन एक मोठी युनियन झाली आणि तिने सगळ्या कंपन्यांसाठी मिळून एकच करार मागितला. मागणी होती साधारण ६ कोटी ५० लाख पेसोंची, कंपन्या १ कोटी ४० लाखांवर अडल्या. २८ मे १९३७ ला संप सुरू झाला. पेट्रोल संपलं, शहरातल्या गाड्या थांबल्या, लोक वैतागले. मग कामगारांनी काम सुरू करून वाद लवादाकडे नेला आणि सरकारने तीन तज्ज्ञ नेमले, त्यात ते सिल्वा हेर्सोग. महिनाभरात त्यांनी हजारो पानांचा अहवाल दिला. या अहवालात काय निघालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कंपन्या आपलं तेल आपल्याच बाहेरच्या उपकंपन्यांना स्वस्तात विकल्याचं दाखवत होत्या, म्हणजे नफा मेक्सिकोच्या वहीत दिसतच नव्हता, आणि मेक्सिकोच्या जमिनीतलं तेल मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाला बाहेरच्यापेक्षा महाग पडत होतं. निष्कर्ष असा की २ कोटी ६० लाख पेसो कंपन्यांना सहज झेपतील. १८ डिसेंबर १९३७ ला लवादाने तेवढीच रक्कम ठरवली. कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १ मार्च १९३८ ला हरल्या.

या कंपन्या कोण ते सांगायला हवं. एकूण सतरा, पण खऱ्या मोठ्या दोन. एक एल आगिला, रॉयल डच शेलच्या ताब्यातली, निम्म्याहून जास्त तेल हिचंच. दुसरी हुआस्तेका पेट्रोलियम, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलची. मुंबईकरांना ही दोन घराणी अनोळखी नाहीत. माहुलला जी बर्मा-शेल होती ती याच शेलच्या नात्यातली, ती १९७६ मध्ये सरकारने घेतली आणि १९७७ मध्ये तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं, आणि एस्सो म्हणजे ती स्टँडर्ड ऑइलच, तिचं १९७४ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. मेक्सिकोने जे १९३८ मध्ये केलं त्याच घराण्यांशी आपण छत्तीस-अडतीस वर्षांनी व्यवहार केला, ते मात्र कायदे करून, वाटाघाटी करून, बिनाबोभाट.

कोर्टाचा निकाल लागल्यावर कंपन्यांनी सरळ सांगितलं की हे पाळणार नाही. आतापर्यंत भांडण कामगार आणि मालकाचं होतं, आता ते देशाचं सुप्रीम कोर्ट मानायचं की नाही याचं झालं. इथे कंपन्यांनी कार्देनासच्या हातात आयतं हत्यार दिलं. गंमत बघा, शेवटच्या दिवसांत पैशाचा फरक फारसा उरलाच नव्हता. अडलं ते कारभारावर कुणाचं चालणार या मुद्द्यावर, आणि त्याहून जास्त कंपन्यांच्या या खात्रीवर की हे सरकारही नेहमीसारखं मागे सरकेल.

९ मार्चला कार्देनास आणि मुहिका कुएर्नावाकाकडच्या रस्त्यावर होते. पालमिराजवळ गाडी थांबवली, बरोबरच्या लोकांना मागे ठेवलं आणि दोघं रस्त्याने चालत तासाच्या वर बोलले. कार्देनासने डायरीत लिहून ठेवलंय की त्याने सगळा हिशोब मांडला: युरोपात युद्ध येतंय, इंग्लंड आणि अमेरिका त्यात गुंतणार, अशी वेळ परत यायची नाही. वॉशिंग्टनला रुझवेल्ट आहे ज्याने शेजाऱ्यांशी नीट वागायचं जाहीर केलंय, मेक्सिकोत त्याचा राजदूत जोसेफस डॅनियल्स समजूतदार आहे. घरात कायेस नाही. मालमत्ता सरकारजमा करायचा कायदा तर नोव्हेंबर १९३६ मध्येच करून ठेवलेला, त्यात भरपाई दहा वर्षांत द्यायची तरतूद. चालता चालता त्याने मुहिकाला सांगितलं की देशाला उद्देशून एक निवेदन लिहायला घे. कुणाला कळू द्यायचं नाही. कंपन्यांना यापैकी कशाचा पत्ता नव्हता, त्यांची समजूत अशी की फार तर सरकार काही दिवस व्यवस्थापक नेमेल.

१८ मार्च, शुक्रवार. रात्री आठला मंत्रिमंडळाला सांगितलं, दहाच्या सुमाराला रेडिओवरून देशाला. भाषणात त्याने विचारलं की तेलाच्या कुठल्या गावात कंपन्यांनी हॉस्पिटल बांधलं, शाळा बांधली, पाण्याची सोय केली, निदान वाया जाणाऱ्या गॅसवर दिवे तरी लावले? आणि त्याच भाषणात त्याने लोकांना सांगितलं की आता त्रास होणार आहे, तो सोसावा लागेल, आणि भरपाई आपण देणार आहोत. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. टाळ्यांच्या रात्री बिलाची आठवण करून देणारा पुढारी विरळाच. दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, मेक्सिकोने राष्ट्रसंघात हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्याचा निषेध नोंदवला, मोठमोठे देश गप्प असताना. एकाच आठवड्यात एवढी धमक.

२३ मार्चला राजधानीत लाखाच्या वर लोक रस्त्यावर उतरले. मेक्सिको सिटीच्या आर्चबिशपनेही साथ दिली, आणि हे सरकार चर्चशी भांडण झालेल्या परंपरेतलं होतं हे लक्षात घ्या. पण डोळ्यासमोर राहतं ते १२ एप्रिलचं दृश्य. बेयास आर्तेस या संगमरवरी नाट्यगृहात टेबलं मांडली होती, राष्ट्राध्यक्षांची बायको आमालिया सोलोर्सानो तिथे बसली होती आणि भरपाईच्या निधीसाठी बायकांची रांग लागली होती. श्रीमंत घरच्या बायकांनी दागिने काढून दिले, काहींनी लग्नाच्या अंगठ्या. आणि खेड्यातून आलेल्या बायकांनी जे होतं ते आणलं: कोंबड्या, डुक्कर, मका. त्या संगमरवरी फरशीवर पाय बांधलेल्या कोंबड्या. भरपाईच्या रकमेपुढे हे सगळं मिळून चिमूटभरच होतं, हे त्या बायकांनाही कळत असणार. तरी आल्या.

मग सुरू झाला त्रास. कंपन्यांनी तेलवाहू जहाजं काढून घेतली, परदेशी इंजिनीयर गेले, सुटे भाग मिळेनात, पेट्रोलमध्ये मिसळायचं टेट्राएथिल लेड अमेरिकन कंपन्या देईनात, ते मेक्सिकोतल्याच केमिस्टांना खटपट करून जमवावं लागलं. अमेरिकेने मेक्सिकोची चांदी करारावर विकत घेणं थांबवलं, पेसो घसरला. फोरमन, फिटर, साधे मेकॅनिक यांनी रिफायनऱ्या चालू ठेवल्या. जूनमध्ये पेमेक्स ही सरकारी तेल कंपनी निघाली. नेहमीची गिऱ्हाइकं बंद झाल्यावर तेल गेलं जर्मनीला, इटलीला, जपानला. फॅसिझमविरुद्ध सगळ्यात स्पष्ट बोलणाऱ्या, स्पेनच्या हजारो निर्वासितांना घरात घेणाऱ्या सरकारला आपलं तेल हिटलरला विकावं लागलं. हे बोचतं आणि बोचायलाच हवं, पण बहिष्कार टाकणाऱ्यांनीही तो दोष आपल्या डोक्यावर घ्यायला हवा.

ब्रिटनने फार कडक पत्रं लिहिली, मेक्सिकोकडून येणं असलेल्या एका जुन्या थकलेल्या हप्त्यावरूनही टोचलं. मे १९३८ मध्ये मेक्सिकोने साडेतीन लाखांच्या वरच्या पेसोंचा चेक हातात ठेवला आणि संबंध तोडले, ते १९४१ पर्यंत तुटलेलेच होते. त्याच महिन्यात सान लुइस पोतोसीमध्ये जनरल सातुर्निनो सेदियोने बंड केलं. कार्देनास स्वतः त्याच्या गडात जाऊन राहिला, लोकांना भेटत फिरला, आणि बंड तिथेच विझलं. सेदियोला सोडून द्यायची त्याची इच्छा होती असं सांगतात, पण जानेवारी १९३९ मध्ये सेदियो मारला गेला.

आता जे मला खटकतं तेही लिहितो, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. ज्या पगारवाढीवरून सगळं सुरू झालं ती कामगारांना लगेच मिळालीच नाही. नवीन कंपनीकडे पैसा नव्हता, आणि १९४० मध्ये तर कार्देनासच युनियनला काटकसर करा, जादा माणसं कमी करा म्हणून सांगत होता, वाद परत लवादात गेला, यावेळी समोर सरकार. दुसरं, दागिने देणाऱ्या त्या बायकांना मत नव्हतं. १९३७ मध्ये त्याने स्वतः घटनादुरुस्ती मांडली, ती संसदेने मंजूर केली, राज्यांनी केली, आणि मग अधिकृत प्रसिद्धीच केली नाही, कारण पक्षाला भीती की बायका चर्चच्या सांगण्यावरून विरोधकांना मत देतील. मेक्सिकोच्या बायकांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो १९५३ मध्ये. हे त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं अपुरं काम, आणि ते एका सहीने पुरं झालं असतं. तिसरं, १९३८ मध्येच त्याने पक्षाची नवी बांधणी केली, कामगार, शेतकरी, सैनिक असे कप्पे पाडून सगळ्यांना पक्षात बांधलं. त्याच सांगाड्यावर पुढे तो पक्ष २००० सालापर्यंत राज्य करत राहिला. १९४० ला वारस निवडताना त्याने मुहिकाला नाही तर मवाळ आविला कामाचोला पुढे केलं, आणि ती निवडणूक मारामाऱ्या, गोळीबार आणि मतांच्या गोंधळात पार पडली. ज्या मित्राबरोबर रस्त्यावर चालत निर्णय घेतला त्याला बाजूला ठेवणं सोपं गेलं नसणार. बहुतेक त्याला वाटलं असावं की देश आता अजून एक धक्का सोसणार नाही. १९८८ मध्ये त्याचाच मुलगा कुआउतेमोक त्याच पक्षातून बाहेर पडून राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि मतमोजणीच्या रात्री कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली म्हणून जे सांगितलं गेलं ते मेक्सिको अजून विसरलेला नाही.

पण स्वतः लाझारो १९४० मध्ये मुदत संपल्यावर खुर्चीतून उठला आणि कायेस व्हायच्या मोहात पडला नाही. महायुद्धात संरक्षणमंत्री झाला, नंतर तेपाल्कातेपेक आणि बाल्सास नद्यांच्या खोऱ्यात धरणं, रस्ते, पाटाचं पाणी या कामात वर्षानुवर्षं घालवली. १९ ऑक्टोबर १९७० ला वारला.

भरपाईचं सांगायचं राहिलं. सिंक्लेअर ही एक अमेरिकन कंपनी १९४० मध्ये ८५ लाख डॉलरवर वेगळी फुटली, त्याने बाकीच्यांची एकजूट मोडली. १९४२ मध्ये दोन्ही सरकारांच्या तज्ज्ञांनी उरलेल्या अमेरिकन कंपन्यांची रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास ठरवली, कंपन्या तोवर याच्या कितीतरी पट मागत होत्या, कारण जमिनीखालचं तेलही आपलंच धरून हिशोब करत होत्या. एल आगिलाशी १९४७ मध्ये ८ कोटींच्या वर डॉलर आणि त्यावर व्याज असं ठरलं, पंधरा वार्षिक हप्ते. शेवटचा हप्ता १९६२ मध्ये गेला. तेव्हा कार्देनास ६७ वर्षांचा होता आणि बाल्सासच्या खोऱ्यात कामावर होता.